डहाळीला भोंगा

३ मार्च

माझ्या मुलाने, हेमंतने, दिवाळीत आणून दिलेली ही डायरी इतके दिवस कोरी पडली होती. आज काढली. जे मनात आहे ते घरात बायकोशी बोलायला गेलो तर सरू म्हणते, झालं तुमचं सुरू.

सपना, म्हणजे हेमंतची मुलगी, माझी नात, नाशिकची नोकरी सोडून डिसेंबरात इथे आली. आमच्या पाड्यात कॉम्प्युटर शिकलेली ती पहिली. तिने फोनसाठी एक ॲप बनवलं आहे. नाव डहाळी. काल ते पुरं झालं आणि तिने ते इंटरनेटवर सोडलं. सोडलं म्हणजे कुणीही फुकट घ्यावं. नुसतं ॲप नव्हे, ते आतून कसं बांधलं आहे तेही सगळं उघडं ठेवलं. कुणी वाचावं, बदलावं, आपलं म्हणून वापरावं.

मी विचारलं, नारळ कधी फोडायचा? ती म्हणाली, झालं की आजा, काल दुपारी. काल दुपारी ती टेकडीवर मोहाखाली दगडावर बसली होती, कारण नेटवर्क तिथेच येतं. मला वाटलं मैत्रिणीशी बोलते आहे. म्हणजे तीन महिन्यांच्या कामाचं उद्घाटन झालं आणि हजर होती ती शेजारच्या काळ्याची एक शेळी.

हेमंतने नाशिकहून फोनवर बजावलं आहे: मे अखेरीस मी येतो. तोवर कुणी वापरत नसेल तर माझ्याबरोबर परत, नोकरीला. सपना हो म्हणाली. ती वाद न घालता हो म्हणते तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

६ मार्च

पुढे मला आठवलं नाही तर असावं म्हणून लिहून ठेवतो. मार्च लागला की आमच्या विहिरी तळ दाखवतात. मग आधार झिऱ्यांचा. ओढ्यात किंवा खडकाखाली उकरलेला खड्डा, त्यात पाणी झिरपून साठतं. आमच्या आणि शेजारच्या पाड्यांना मिळून असे नऊ झिरे. आज हा आटतो, उद्या तो भरतो. म्हणून जी बाई सकाळी सगळ्यांत आधी पाण्याला जाते ती येताना वाटेच्या फाट्यावर दगडाखाली हिरवी डहाळी ठेवते. डहाळी आहे म्हणजे वळा, पाणी आहे. नुसता दगड आहे म्हणजे पुढे जा. कुणी ठेवली हे कुणी विचारत नाही. माझ्या आईच्या आधीपासून हे असंच आहे.

सपनाने हेच फोनमध्ये केलं. झिऱ्याच्या नावापुढे पान किंवा नुसता दगड, कुणीही लावावा. त्याला नेटवर्कची गरज नाही. दळणाला, बाजारात, जीपमध्ये दोन फोन जवळ आले की एकाची खबर दुसऱ्यात जाते.

जानेवारीत तिने मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी फार बोललो. म्हटलं, तुझं हे पान चार दिवसांनीही हिरवंगार. खरी डहाळी वाळते, वाळली की बायकांना कळतं खबर शिळी आहे. न वाळणाऱ्या डहाळीला आम्ही लबाड म्हणू. ती एकदम गप्प झाली आणि जेवलीसुद्धा नाही. दोन दिवस कॉम्प्युटरमधून तोंड वर काढलं नाही. आता तिच्या फोनमधलं पान दिवसागणिक पिवळं पडत जातं, ते ठीकच आहे, पण पोरीचं मन मोडलं ते मोडलंच.

९ मार्च

तिने इंटरनेटवर डहाळीबरोबर एक माहितीचं पान ठेवलं आहे. मी ते वाचून दाखवायला लावलं. पहिलंच वाक्य: "हे पाणी आणत नाही." दुसरं: "हे टँकर बोलवत नाही." मग आणखी काय काय होत नाही त्याची यादी. फोनमध्ये तारीख चुकीची असेल तर काय होईल ते मला माहीत नाही, असंही स्वतःच लिहून टाकलं आहे.

मी बावीस वर्षं तंबूच्या सिनेमात काढली. सातवीत शाळा सुटली आणि जीपमध्ये बसलो. जव्हार, मोखाडा, खोडाळा, वाड्यापर्यंत भोंग्यावर माझाच आवाज. सिनेमा कसाही असो, आधी भोंगा गेला पाहिजे. एकदा रिळांची पेटी आलीच नव्हती तरी मी नुसत्या आवाजावर तंबू भरला होता. लोकांनी नंतर तंबू फाडला ही गोष्ट वेगळी. पण भरला होता. आणि माझ्या नातीने स्वतःच्या मालाची जाहिरात अशी लिहावी.

तिला म्हटलं, असं लिहून कोण घेईल? ती म्हणाली, ज्याला पाणी हवंय तो घेईल. एवढंच बोलून उठली.

१५ मार्च

आज मोहाखालून धावत आली. आजा, तक्रार आली. ओडिशातल्या डोंगरातली कुणी शिक्षिका, तिने उघड, सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं आहे की तारीख बिघडलेल्या फोनमध्ये डहाळीचं पान कधी वाळतच नाही. मी म्हटलं, ते पुसता येत नाही का? सपना हसली. म्हणाली, पुसायचं कशाला, तिने वाचलं म्हणून तर सापडलं. दुरुस्त कसं करायचं तेही तिनेच लिहून पाठवलंय.

घरच्या उणिवा चारचौघांत आल्या आणि पोरगी नाचते आहे.

२३ मार्च

सपनाला विचारलं, किती जणांनी घेतलं? म्हणाली, मी मोजत नाही. कुणाच्या फोनमध्ये डोकावणारं काही मी त्यात ठेवलेलंच नाही. मग मीच चार पाडे फिरून मोजलं. अकरा. त्यातले पाच आमच्या नात्यातले, एक मी स्वतः. मे अखेरीस हेमंतला अकरा सांगायचे?

खोडाळ्याला कमलेशकडे गेलो. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, वाढदिवस आणि निवडणुका दोन्ही तोच छापतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाबा, वस्तू चांगली आहे पण हवा नाही, हवा करावी लागते. माझ्या मनातलंच बोलला. सपना कामाला दोन दिवस जव्हारला जाणार आहे, नेमका बाजारही तेव्हाच. माळ्यावरून भोंगा काढून राखेने घासला. सरूने विचारलं, हे कशाला? म्हटलं, गंज चढतो.

२८ मार्च

काल खोडाळ्याच्या बाजारात जे झालं तसं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

कमलेशने दहा फुटांचा फ्लेक्स लावला. वर सपनाचा फोटो, खाली हिरवं पान, मध्ये लाल अक्षरांत "आता पाण्याची चिंता मिटली". त्याच्या आवाजाच्या मशीनला माझा भोंगा जोडला आणि मी उभा राहिलो. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापला, मग तो जुना सूर लागला. सुकी मासळी घेणाऱ्या बाया थांबल्या. नागलीचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस पोतं खाली ठेवून ऐकायला लागला.

थोड्या वेळाने लोक रांग करून उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्ड, काहींकडे दोन-दोन फोटो. काहींनी कागद कमलेशकडे देऊनही टाकले. झेरॉक्सवाल्याकडचा कागद संपला. त्यांना वाटलं योजना आली आहे. मी सांगायला हवं होतं की योजना नाही. पण रांग मोडली असती. एका म्हाताऱ्याने विचारलं, टँकर कधी येणार? मी त्याला आणि भोंग्यातून सगळ्यांनाच सांगितलं, की जिथे दगड दिसेल तिथे लोकांचं लक्ष जाणारच, वरपर्यंत जाणार. मी टँकर येईल असं म्हटलं नाही. येणार नाही असंही म्हटलं नाही.

कमलेशच्या पोरांनी संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर फोनांत डहाळी टाकली. एका बाईने फ्लेक्समधल्या सपनाला हात जोडले. माझे डोळे भरून आले. अकराचे दोनशे केले या म्हाताऱ्याने.

३० मार्च

सपना परत आली. फ्लेक्स तिने जीपमधूनच पाहिला होता. घरात पाणी प्यायली आणि विचारलं, आजा, भोंग्यावर काय सांगितलं? मी म्हटलं, चांगलंच सांगितलं. तिने पुढे विचारलं नाही. मी खूश असायला हवा होतो. झोप मात्र लागली नाही.

५ एप्रिल

काहीतरी चुकलं आहे. डहाळीत नऊच्या नऊ झिऱ्यांपुढे दगड. अजून एप्रिलचा पहिला आठवडा, इतक्या लवकर सगळे कधीच आटत नाहीत. सपना सकाळपासून कॉम्प्युटर उघडून चूक शोधते आहे. मला चूक कुठे आहे याची शंका येते आहे, पण खात्री नाही, आणि खात्री नसताना कशाला बोलायचं.

८ एप्रिल

सरू पडली.

आमचा जवळचा झिरा उंबराखालचा. फोनमध्ये त्याच्यापुढे दगड होता. फाट्यावर डहाळी ठेवणं बायकांनी बाजारानंतर सोडूनच दिलं होतं, फोनमध्ये आहे ना म्हणून. तेव्हा सरू उंबराकडे वळलीच नाही, भर उन्हात दरीतल्या झिऱ्याला गेली. चढताना हंड्यासकट पडली आणि पाय मुरगळला. शेजारच्या रंगूने आणि तिच्या सुनेने धरून आणलं. पायाचा घोटा पपईएवढा झाला आहे.

दुपारी मी उंबराखाली जाऊन आलो. झिरा काठोकाठ भरलेला. वर पानं तरंगत होती.

९ एप्रिल

सपनाला सगळं सांगितलं. रांग, कागद, टँकर, मी काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही. लोकांना वाटलं दगड लावला की टँकर येतो, म्हणून ज्याने त्याने आपापल्या झिऱ्यावर दगड लावला. एका पाड्याने तर दोन दिवस रस्त्यावर रिकामे ड्रम मांडून ठेवले होते.

ती बराच वेळ सरूच्या पायाला हळद लावत होती. मग म्हणाली, "आजा, टँकर बोलवत नाही हे मी दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं."

"ते लिहिलं तर रांग लागली नसती."

"नसती लागली. आणि आजी पडली नसती."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मी भोंगा आणि हंडा दोन्ही समोर ठेवून बसलो. सरूचा पाय धरला आहे, सपना फोन दुरुस्त करत पाडोपाडी फिरणार. पाणी आता मलाच आणावं लागणार.

११ एप्रिल

पहिल्यांदा पाण्याला गेलो. वय एकाहत्तर. डोक्यावर हंडा ठरेना म्हणून खांद्यावर घेतला, अर्धा वाटेत सांडला. झिऱ्यावर गौराबाई होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, सगळे झिरे तिला पाठ. मला बघून वाटी बाजूला ठेवली.

"काय रं शिनेमा, आज तंबू इथे लावलास?"

मी म्हटलं, चुकलं माझं, पण लोकांपर्यंत पोचायला हवं होतं ना. ती वाटीने पाणी भरत राहिली. मग म्हणाली, "डहाळी ठेवणारी त्याच पाण्याची असते. उद्या तिलाच तिथे यायचं असतं, म्हणून ती खोटी ठेवत नाय. तू जल्मात किती हंडे नेलेस?"

मनात मोजले. अर्धा.

घरी येऊन सपनाला तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली. कॉम्प्युटर ओढला आणि पुन्हा जेवण विसरली. हिला काही सांगायचीच सोय नाही.

२० एप्रिल

डहाळी बदलली. आता झिऱ्याचं पान किंवा दगड तिथलं पाणी भरणाऱ्या बायकाच लावणार. त्यांनी एकमेकींना फोनमध्ये ओळख द्यायची, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. हे बसवायला प्रत्येक पाड्यावर जावं लागतं. सपना, गौराबाई आणि मी जातो. भोंगा नाही. ओट्यावर बसायचं, चहा आला तर प्यायचा, एका वेळी एक बाई.

लोक मला सोडत नाहीत. एका घरच्या कोंडीने विचारलं, टँकर मागे राहिला का बाबा? एकाने आधारची झेरॉक्स परत मागितली. मी प्रत्येक घरात तेच म्हणतो: योजना नाही, टँकर नाही, मी जास्त बोललो. पहिल्या घरी जीभ रेटेना. दहाव्या घरी सवय झाली.

एक गोष्ट मात्र लिहितो. बहुतेक घरांत डहाळी फोनमध्ये आधीच होती. माझ्या बाजारामुळे. सपनाच म्हणाली, भोंगा नसता तर एवढ्या घरांत ती गेली नसती, तेही खरं आहे आजा. मी मान हलवली नाही, पण रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१२ मे

रोजचे चार हंडे होतात आता. सरूच्या पायाची सूज उतरली आहे, तरी ती म्हणते अजून ठणकतो. ओसरीवर बसून मला सांगते, हंडा आधी विसळा.

ओडिशाच्या शिक्षिकेचं पत्र आलं. तिच्याकडे चौदा पाड्यांत डहाळी चालते, त्यांच्या बोलीत, आणि पान तिकडच्या साल नावाच्या झाडाचं. ना फ्लेक्स, ना रांग. सपनाने विचारलं होतं, तुम्ही हेच का घेतलं? तिने लिहिलं, अशी पुष्कळ ॲप पाहिली, सगळ्यांच्या वर लिहिलेलं असतं की आता प्रश्न सुटला. तुमच्या ॲपच्या वर लिहिलं होतं, हे पाणी आणत नाही. म्हणून पुढे वाचलं.

पत्र मी दोनदा वाचून घेतलं. लाल अक्षरांचा फ्लेक्स आठवला आणि कान तापले.

१६ मे

काल सपना म्हणाली, आजा, भोंगा काढा. मला वाटलं चेष्टा करते. नाही म्हणे, तुमचा आवाज जातो तिथे माझं पान जात नाही. फक्त कागदावर आहे तेवढंच वाचायचं, एक शब्द वर नाही.

खोडाळ्याच्या त्याच कोपऱ्यावर, त्याच कमलेशच्या मशीनवर उभा राहिलो. कमलेश म्हणाला, बाबा, हे वाचलं तर लोक पळतील. मी वाचलं. "हे पाणी आणत नाही. हे टँकर बोलवत नाही. ही योजना नाही, कागद आणू नका." बाजार हसला. मासळीवाली म्हणाली, मग आहे काय? मी पुढची ओळ वाचली. "कुठल्या झिऱ्यावर पाणी आहे ते तिथलं पाणी भरणारी बाई सांगते. पान पिवळं पडलं तर खबर जुनी समजा. चुकलं तर आम्हाला सांगा."

रांग लागली नाही. पण दुपारपर्यंत तेवीस बायका एकेकट्या येऊन बसून गेल्या, आणि प्रत्येकीने आपल्या झिऱ्याचं नाव सांगितलं. बावीस वर्षांत भोंग्यातून इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो. आवाज जराही कापला नाही.

२९ मे

हेमंत आला. काल रात्रीपासून आकडा जुळवत होतो, दोनशे सांगावे की खरे वापरणारे सांगावे. त्याने जेवायला बसल्यावर विचारलंच, किती जण? सपना म्हणाली, मोजत नाही बाबा.

हेमंत म्हणाला की जीपमध्ये एक बाई होती, त्याच्या ओळखीची नाही. तिने त्याची बॅग बघून विचारलं, कुठल्या पाड्याचे? ऐकून फोन काढला आणि म्हणाली, तुमच्या उंबराखालच्या झिऱ्याला आजचं हिरवं पान आहे, घरच्यांना खाली दरीत जाऊ देऊ नका. हेमंतने विचारलं, हे कुणी बनवलं? ती म्हणाली, काय माहीत, भावजयीच्या फोनमधून आलं.

माझा जीव तळमळला. एवढं करून पोरीचं नावही माहीत नाही. सपनाकडे बघितलं तर ती खुशीत लोणचं चाटत होती.

हेमंतने हात धुतले आणि आपला फोन तिच्यापुढे धरला. टाक म्हणाला. निघताना नोकरीचं नाव काढलं नाही. एवढंच बोलला, पुढच्या मेपर्यंत बघू.

मग सपनाने मला कॉम्प्युटरवर एक यादी दाखवली. डहाळीत ज्यांनी ज्यांनी भर घातली त्यांची नावं, जगातल्या कुणालाही वाचता येतील अशी. ओडिशाची शिक्षिका तारखेसाठी. "गौराबाई: पान कुणी लावावं." आणि तिच्याही वर, जानेवारीतल्या तारखेला, माझं नाव, "तुळशीदास: पान वाळलं पाहिजे."

मी तिला म्हटलं, तू तर तेव्हा रुसली होतीस. ती म्हणाली, रुसले कुठे, काम करत होते.

३१ मे

आज उंबराखाली सगळ्यांत आधी मी पोचलो. हंडा भरला, फोनमध्ये पान लावलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, करंजाची एक डहाळी तोडली आणि फाट्यावर दगडाखाली ठेवली.

थोडं पुढे जाऊन दम घ्यायला थांबलो. पलीकडच्या पाड्याची एक सून आली, मला न ओळखणारी. डहाळी बघितली आणि न थांबता झिऱ्याकडे वळली. कुणी ठेवली म्हणून इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ओठावर आलं होतं, की बाई, मी. गिळलं.

घरी येऊन सरूला मात्र सांगितलं.